खर्ज उतरवलेलं गाणं

तंबोऱ्याच्या चार तारांतली शेवटची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची. पितळेची, जाड. ती उतरवून ठेवली तरी पंचम ऐकू येतो, जोड ऐकू येतो, जवारीही झणझणते. पण गाणाऱ्याला बसायला पाट राहत नाही. मी मिरजेचा. सतारमेकरांची दुकानं आमच्या घरापासून पाच मिनिटांवर, त्यामुळे ही गोष्ट मला कुणी शिकवावी लागली नाही, येता-जाता कानावर पडत गेली. मेटॅलिका या चौघांच्या अमेरिकन हेवी मेटल बँडचं '...अँड जस्टिस फॉर ऑल' हे गाणं मी १९९७ पासून ऐकतोय, आणि दर वेळी मला खर्ज उतरवलेला तंबोराच आठवतो.

यंदा दिवाळीनंतरच्या कार्यक्रमांचे पैसे हातात आले तेव्हा याच नावाच्या अल्बमची २०१८ साली निघालेली रीमास्टर आवृत्ती मागवली. दोन रेकॉर्डचा संच, जाड १८० ग्रॅमच्या रेकॉर्ड. चार हजारांच्या आत पडला. नऊ गाणी आहेत, सगळी ऐकली, अनेकदा ऐकली. पण लिहायचंय ते पहिल्या रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवरच्या दुसऱ्या गाण्याबद्दल. अल्बमला नाव दिलं तेच हे गाणं. ९ मिनिटं ४६ सेकंद.

माझा धंदा साउंडचा. ऑर्केस्ट्रा, कीर्तन, नाटक, शाळेचं गॅदरिंग, मिक्सरमागं मी असतो. कॉलेजात बास गिटार धरली ती अजून सुटलेली नाही. त्यामुळे कुणाचा आवाज किती ठेवायचा हा माझ्यासाठी रोजचा प्रश्न आहे. तबलजीला वाटतं त्याचा कमी आहे, गायिकेला वाटतं पेटी जास्त आहे, आणि शेवटी बोट माझं असतं. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, दोन सूत खाली आला तर समोर बसलेल्या पाचशे माणसांसाठी तो वादक नाहीसा होतो. तो तिथं बसून जीव तोडून वाजवत असतो, घामाघूम होत असतो, पण ऐकणाऱ्यांच्या हिशेबात तो नसतो.

हे गाणं पहिल्यांदा हाताला लागलं ते कोऱ्या कॅसेटवर भरलेलं. मित्राचा थोरला भाऊ पुण्यात शिकायला होता, त्यानं भरून आणली. कॅसेट साठ मिनिटांची, अल्बम पासष्ट मिनिटांचा. त्यामुळे शेवटचं 'डायर्स ईव्ह' त्यात मावलंच नाही. असं गाणं आहे हेही मला पुढं कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. कॅसेट ऐकली आणि पहिला विचार आला तो असा, की भरतानाच खराब झालीय. गिटार सुरीसारखी धारदार, ड्रमचा किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, टक्-टक् वाजतोय, गाणाऱ्याचा आवाज पुढ्यात उभा, आणि बास कुठंच नाही. कॅसेटवरून कॅसेट, त्यावरून कॅसेट असं करताना खालचा आवाज उडाला असणार, अशी मी समजूत घालून घेतली. टेपरेकॉर्डरचा हेड स्पिरिटनं पुसला. दुसऱ्याच्या डेकवर लावून बघितली. पहिल्या पगारातून अस्सल सीडी घेतली तेव्हा कळलं, की भरणाऱ्याची काही चूक नव्हती. मुळात तसंच होतं.

आता नावाबद्दल. आपण शाळेत हात पुढं करून 'भारत माझा देश आहे' म्हणायचो, तशी अमेरिकेतली मुलं छातीवर हात ठेवून झेंड्यासमोर शपथ म्हणतात. १८९२ साली लिहिलेली ही शपथ संपते ती सर्वांसाठी स्वातंत्र्य आणि न्याय या शब्दांवर. त्यातले अगदी शेवटचे चार शब्द या चौघांनी उचलले आणि आधी तीन टिंबं ठेवली. पोरवयात पाठ झालेली, अर्थ न कळता हजार वेळा म्हटलेली ओळ. मोठं झाल्यावर कोर्टाच्या पायरीवर तीच ओळ आठवली तर काय वाटेल? गाण्याचा विषय एवढाच आहे. शब्द गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डचे. पहिल्याच कडव्यात तो सांगतो की न्यायाच्या दालनांना पैशाचा रंग चढलाय, आणि पैसाच बोलतोय. पुढं एक-एक करत सगळं निखळत जातं. सत्य शोधायचं कुणालाच नाही, जिंकणं तेवढं उरलंय, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो हरवून गेलाय. एखाद्या ठराविक खटल्याचं नाव गाण्यात नाही. म्हणूनच ते मिरजेतही लागू पडलं.

मुखपृष्ठ आधी बघा, मोठ्या आकाराच्या रेकॉर्डवर ते बघण्यासारखं आहे. कल्पना हेटफिल्ड आणि ड्रमर लार्स उलरिकची, चित्र स्टीफन गॉर्मन यांचं. डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता, पांढऱ्या दगडाची, तडे गेलेली. चारी बाजूंनी दोर लावून तिला ओढताहेत. हातातल्या तराजूच्या पारड्यांतून डॉलरच्या नोटा ओसंडताहेत. कॅसेटच्या वेळी मला हे चित्र माहीतच नव्हतं, कारण खोक्यावर फक्त बॉलपेननं लिहिलेलं नाव होतं. सीडी आणली तेव्हा आमच्या आप्पांनी ती हातात घेतली, चष्मा वर केला आणि विचारलं, "ही बाई बांधलीया का पाडाय लागल्यात?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

आप्पांनी तो असा सहज विचारला नव्हता. आमची दीड एकर जमीन रस्त्यात गेली होती आणि वाढीव मोबदल्याची केस चालू होती. ती पुढं धरून एकोणीस वर्षं चालली. दोरीनं बांधलेली फाईल, सायकलच्या कॅरिअरला. संध्याकाळी परतले की आई पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि ते म्हणायचे, "तारीख मिळाली." मिळाली म्हणायचे, बक्षीस मिळाल्यासारखं. कधी साहेब रजेवर, कधी समोरचा वकील आजारी, कधी कागद वरून यायचाय. कुणी त्यांच्याशी वाईट वागलं असं नाही. फक्त त्यांचं ऐकायचं दर वेळी राहून जायचं.

म्हणून या गाण्याच्या लांबीला लोक नावं ठेवतात तेव्हा मला ते पटत नाही. खुद्द बँडलाही ते लांबच वाटत होतं. १९८९ साली दौरा संपला आणि त्यांनी ते वाजवणं सोडलं. शेवटच्या मिनिटांत समोरचे लोक जांभया देताना दिसायचे, असं गिटारवादक कर्क हॅमेटनं नंतर सांगितलंय. त्यानंतर थेट २००७ साली लिस्बनच्या कार्यक्रमात ते परत आलं. मध्ये अठरा वर्षं. पण मला विचाराल तर हे गाणं पाच मिनिटांत बसवता आलंच नसतं. सुरुवात स्वच्छ गिटारची, जवळजवळ प्रार्थनेसारखी. मग ड्रम येतात ते मिरवणुकीसारखे नाहीत, परेडसारखे. थांबतात, वळतात, पुन्हा उभे राहतात. वाटतं आता गाणं धावेल, तर ताल बदलतो. पुन्हा जमतं, पुन्हा अडतं. शब्द सुरू व्हायलाच दोन मिनिटांवर वेळ जातो. मधे सुरुवातीचा तो स्वच्छ सूर परत येतो, त्याच जागी आणून सोडतो, आणि पुन्हा पहिल्यापासून चालायचं. हे ज्यानं रचलं त्याला कोर्टाच्या व्हरांड्यातलं बाकडं माहीत असो नसो, गाण्याला ते माहीत आहे.

अन्याय हा धागा या एका गाण्यापुरता नाही. दुसऱ्या बाजूवरचं 'आय ऑफ द बिहोल्डर' बोलण्याच्या स्वातंत्र्यावर आहे. 'द शॉर्टेस्ट स्ट्रॉ' काळ्या यादीवर, म्हणजे १९५० च्या आसपास अमेरिकेत कम्युनिस्ट ठरवून ज्यांची कामं काढून घेतली त्यांच्यावर. 'वन' युद्धात हातपाय, डोळे, कान, वाचा सगळं गेलेल्या सैनिकावर. 'वन'मागची कादंबरी डाल्टन ट्रंबो यांची, १९३९ साली प्रसिद्ध झालेली, आणि ट्रंबो स्वतःच पुढं हॉलिवूडच्या त्या काळ्या यादीत अडकले, तुरुंगात गेले. म्हणजे या अल्बममधली दोन गाणी, बँडनं ठरवून केलं असो वा नसो, एकाच माणसाच्या आयुष्यापाशी येऊन भेटतात. हे मला कळलं त्या रात्री मी दोन्ही गाणी पाठोपाठ लावून ऐकली होती.

आता रेकॉर्डिंग. हे नीट सांगावंच लागेल, कारण माझी सगळी तक्रार आणि सगळं प्रेम तिथंच आहे.

२७ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि बासवादक क्लिफ बर्टन गेला. वय २४. क्लिफ म्हणजे या बँडचा खर्ज होता, आणि स्वर कळणारा माणूसही तोच. महिन्याभरात त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. ॲरिझोनातून आलेला पोरगा, क्लिफला मानणारा. बाकीच्या तिघांनी दुःख कसं केलं? नव्या पोराला छळून. हे त्यांनीच पुढं कबूल केलंय. मेलेल्यावरचं प्रेम जिवंत माणसावर राग होऊन निघतं, हे आपल्या घरांतही बघायला मिळतं.

१९८८ च्या जानेवारीत लॉस एंजलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत काम सुरू झालं. आधी माईक क्लिंक निर्माता होते, गन्स एन' रोझेस या बँडचा पहिला अल्बम त्यांनीच केलेला. सूर जुळले नाहीत. मग आधीचे दोन अल्बम ज्यांनी कोपनहेगनमध्ये केले होते ते फ्लेमिंग रासमुसेन विमानानं आले. क्लिंकच्या काळातले दोन गाण्यांचे ड्रम मात्र ठेवले, त्याचं श्रेय पाकिटावर छापलेलं आहे. तेव्हा संगणकावर तुकडे जोडायची सोय नव्हती. ड्रमचे चांगले चांगले भाग निवडायचे, टेप ब्लेडनं कापायची, चिकटपट्टीनं जोडायची. ज्यांनी स्पूलची टेप कापलीय त्यांना माहीत आहे, ब्लेड तिरका धरावा लागतो आणि श्वास रोखावा लागतो. या गाण्यातले ड्रम एवढे कोरडे, एवढे काटेकोर आहेत ते त्यामुळेही. मे महिना लागायच्या सुमाराला काम संपलं.

जेसननं बास वाजवला तो एका सहायक इंजिनियरसोबत, टोबी राइटसोबत. बँडमधलं बाकी कुणी समोर नव्हतं. मी स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघतो. २५ वर्षांचं वय, जगातल्या सगळ्यात आवडत्या बँडमध्ये जागा मिळालीय, आणि 'इथं असं नको, तिथं जरा थांब' असं सांगायलाही कुणी नाही. तो गिटारच्या बरोबरीनं वाजवत गेला, तेच सूर, तीच चाल. त्यानंच नंतर सांगितलंय की दोन्ही आवाज एकाच पट्ट्यात पडले. साउंडवाल्याला हे लगेच कळेल: हेटफिल्डच्या गिटारचा आवाज मधून कोरलेला आणि खालून भरलेला, म्हणजे बासची जागा गिटारनंच अडवलेली. त्यात किकला वरचा टकटकाट. अशा वेळी बासला स्वतःचा कोपरा करून द्यावा लागतो, गिटारचं खालचं थोडं काढावं लागतं. ते केलं गेलं नाही.

मिक्सिंग झालं न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत, स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांच्या हातून. थॉम्पसननी पुढं मुलाखतींत स्पष्ट सांगितलं की बास जेमतेम ऐकू येईल इतका खाली घ्यायला लार्सनं सांगितलं, आणि त्यानंतर आणखी खाली. रासमुसेननी सांगितलं की टेपवरचं जेसनचं काम उत्तम होतं. हेटफिल्डचं म्हणणं असं की तेव्हा कार्यक्रमांनी आमचे कानच गेले होते, वरचे आवाज ऐकू येत नव्हते म्हणून ते वाढवत गेलो. हे शेवटचं मला खोटं वाटत नाही. चार रात्री सलग गणपतीतले कार्यक्रम केले की पाचव्या दिवशी माझं बोटही तीव्र आवाजाच्या बटणाकडं आपोआप जातं. मग मी भाच्याला बोलवून विचारतो, तुला कसं वाटतंय. पण थकलेले कान सगळ्यांचंच थोडंफार बिघडवतात. एका माणसाला पूर्ण नाहीसं करायला कुणाला तरी सांगावं लागतं, आणि कुणाला तरी ते ऐकावं लागतं.

अन्यायावरचं गाणं. त्यातला एक माणूस असा पुसून टाकलेला. चाहते याच्यावर तीस वर्षं बोलताहेत. बास वाढवून केलेल्या घरगुती आवृत्त्यांना त्यांनी 'अँड जस्टिस फॉर जेसन' असं नावही देऊन टाकलंय. मी त्यातल्या दोन-तीन ऐकल्या. चांगल्या हेतूनं केलेल्या आहेत, पण बास वेगळा बसवलेला कळतो, तांब्याच्या भांड्याला कल्हई उशिरा लावल्यासारखा. आणि मूळचा कोरडेपणा गेला की गाण्याचा दात जातो, हेही मला तेव्हाच कळलं. कारण ते रितेपण गाण्याला शोभतं. खाली आधारच नाही, वर एवढा डोलारा, आणि तो खळ्‌खळ् वाजतोय: न्यायाच्या इमारतीबद्दलच तर बोलताहेत ते. ऐकताना मला जेसनची चीड येते आणि त्याच वेळी आवाज बरोबर वाटतो. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एक सोडून द्यायला मी तयार नाही.

मग २०१८ च्या आवृत्तीनं काय केलं? रीमास्टर म्हणजे तयार मिश्रणाला शेवटचा हात. खिचडी शिजल्यावर वरून तूप घालता येतं, डाळ वाढवता येत नाही. बास वर आणायचा तर मूळच्या वेगवेगळ्या टेप काढून मिक्सिंग पुन्हा करावं लागलं असतं. बँडनं ते केलं नाही. इतिहास बदलायचा कशाला, अशी हेटफिल्डची भूमिका. घेण्याआधीच हे माहीत असू द्या, नाहीतर फसल्यासारखं वाटेल.

तरी फरक आहे. माझ्याकडं जुनी सीडी आहे, तोच ॲम्प्लिफायर, तेच स्पीकर वापरून मी एकाच दुपारी दोन्ही लावून बघितलं. स्नेअर ड्रमच्या मागची हवा आता ऐकू येते. सुरुवातीच्या स्वच्छ गिटारच्या तारांवरून बोट सरकल्याचा आवाज येतो. गिटारचे थर एकमेकांपासून सुटे कळतात, डावीकडं कोण, उजवीकडं कोण. किकच्या टक् खाली थोडा धप् आलाय. आणि या नव्या छपाईवर, चांगल्या हेडफोनवर, रात्री घर निजल्यावर, गिटार अचानक थांबते त्या जागांवर अर्ध्या क्षणापुरती जेसनची तार उरलेली ऐकू येते. गिटारचा आवाज तुटतो आणि खाली काहीतरी अजून थरथरत असतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सुई उचलून पाच वेळा मागं नेली. तो तिथं होता. सगळा वेळ होता.

एवढ्यासाठी चार हजार? माझ्यासाठी हो.

पहिल्या बाजूवर दोनच गाणी आहेत, साडेसोळा मिनिटं. बाजू अशी मोकळी असली की खाचांना ऐसपैस जागा मिळते आणि आवाज भरदार बसतो. पासष्ट मिनिटं दोन रेकॉर्डवर पसरलीत, तो निर्णय उत्तम. तिसऱ्या बाजूवर तीन गाणी आहेत, तिथं शेवटी शेवटी थोडी खरखर जाणवते. माझी सुई नवी नाही, तेही असेल. चौथ्या बाजूवर 'टू लिव्ह इज टू डाय', क्लिफनं मागं ठेवलेल्या सुरावटींतून उभं केलेलं. त्यावर मी इथं लिहीत नाही. ते निवांत ऐका.

पॅकिंगबद्दल एक तक्रार. ज्या दुकानातून मागवली त्यांनी पातळ पुठ्ठ्यात पाठवली आणि वरचा उजवा कोपरा दुमडून आला. रेकॉर्डना धक्का नाही, म्हणून परत केली नाही, पण एवढ्या मोलाची वस्तू दुहेरी पुठ्ठ्यात यायला हवी. मागवताना आधीच बजावून सांगा.

ज्यांना गाणं कसं घडलं ते ऐकायचंय त्यांनी रेकॉर्डऐवजी तीन सीडींचा विस्तारित संच घ्यावा, त्यात कच्ची मिक्स आणि कार्यक्रमांतलं ध्वनिमुद्रण आहे. सगळ्यात मोठा खोका आहे तो ६ रेकॉर्ड, ११ सीडी, ४ डीव्हीडी आणि १२० पानांच्या पुस्तकाचा. तो मी फक्त पुण्यातल्या एका मित्राकडं पाहिला, दोन दिवस त्याच्या घरी मुक्काम करून. हेटफिल्डनं टेपवर साठवलेले सुरावटींचे तुकडे, मग गॅरेजमधली जुळवाजुळव. ऐकताना कळतं की पावणेदहा मिनिटं आकाशातून पडली नाहीत, तुकड्याला तुकडा शिवून गोधडी केलीय. आणि १९८९ चा सिॲटलचा कार्यक्रम कुठूनही मिळवून बघाच. तिथं हे गाणं आहे, आणि तिथं जेसन आहे. मंचावर कुणी त्याचा फेडर ओढायला नव्हतं. तो डोकं हलवत, गळ्यानंही साथ देत वाजवतोय आणि गाणं जमिनीवर उभं राहतं.

मला स्वतःला हे गाणं समोर कधी ऐकायला मिळालं नाही. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर मेटॅलिका आली तेव्हा आम्ही चौघं राणी चन्नम्मानं गेलो होतो. जनरलच्या डब्यात दारापाशी बसून. त्या रात्री 'वन' वाजवलं, हे वाजवलं नाही. बासवर तेव्हा रॉबर्ट ट्रुहियो होता आणि तो आवाज छातीवर येऊन आदळत होता. परतताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. मी मनात तेच न वाजलेलं गाणं वाजवत होतो, त्या बाससकट.

या गाण्याला संगीताबाहेरही एक सावली आहे. अमेरिकेत आर्कन्सा राज्यातल्या वेस्ट मेम्फिस गावी १९९३ साली आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले. तीन तरुण पोरांना धरलं. ते काळे कपडे घालतात, हेवी मेटल ऐकतात, याचीही कोर्टात चर्चा झाली. १९९४ साली दोघांना जन्मठेप, एकाला मृत्युदंड. त्या खटल्यावर १९९६ साली एक माहितीपट आला आणि त्यासाठी मेटॅलिकानं पहिल्यांदाच कुणाला चित्रपटात आपलं संगीत वापरू दिलं. तिघं सुटले १९ ऑगस्ट २०११ ला. अठरा वर्षांनी. आणि तेही निर्दोष ठरून नाही, एका कायदेशीर तडजोडीवर सही करून. मी मेटलचा टी-शर्ट घालून नाक्यावर उभा राहायचो त्या वयाची ती पोरं. त्या बातमीचं कात्रण माझ्या सीडीच्या डबीत घडी करून ठेवलंय.

आप्पांच्या केसचा निकाल लागला तेव्हा मागितल्याच्या निम्म्यापेक्षा कमी मिळालं. त्यांनी फाईल सोडली नाही. दोरी सुद्धा तीच आहे. आता त्यांचं वय ७८, आणि ऐकू कमी येतं. म्हातारपणी आधी वरचे आवाज जातात, चिमण्या जातात, कुकरची शिट्टी जाते, खालचे राहतात.

रेकॉर्ड आली त्या रविवारी मी ती मोठ्या स्पीकरवर लावली. आप्पा आत आले, खुर्चीत बसले. कव्हर मांडीवर घेतलं, ती बाई ओळखली. गाणं चालू होतं. पाच मिनिटांनी म्हणाले, "काय वाजतंय का न्हाई?" त्यांच्या कानांसाठी जे उरलंय तेच या गाण्यातून काढून घेतलेलं आहे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी उठलो, बास ॲम्प्लिफायरला जोडली, सुई परत गाण्याच्या सुरुवातीला ठेवली आणि जेसनच्या वाटचं वाजवायला लागलो. एवढ्या वर्षांत हात बसलेला आहे. आप्पांनी काठी बाजूला ठेवली आणि शेजारच्या ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर तळवा टेकवला. नऊ मिनिटं तो तळवा हलला नाही.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पुढची बाजू हाय का?"

मी रेकॉर्ड उलटली.